डीएनडीचे पैसे मागणारा फोन

वाचकाचं पत्र

ताई, माझं वय ६७. यजमान गेल्यापासून सांगलीत एकटी राहते, मुलगा आणि सून बंगळुरूला असतात. माझ्या मोबाइलवर दिवसभर नको ते फोन यायचे. कर्ज हवंय का, क्रेडिट कार्ड घ्या, प्लॉट बघायला या. दुपारी जरा डोळा लागला की हमखास. महिन्यापूर्वी एका मुलाचा फोन आला. शुद्ध मराठीत, अदबीनं बोलत होता. म्हणाला, "मी ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, डीएनडी विभागातून बोलतोय. तुमचं मोफत डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन बंद ठेवण्याची सोय, संपलंय, म्हणून हे फोन येतात. आता तीन वर्षांचं प्रीमियम घ्यावं लागेल, १,४९९ रुपये." माझं पूर्ण नाव, यजमानांचं नाव, जुना पत्ता, सगळं त्याला ठाऊक होतं. त्यानं पाठवलेल्या क्यूआर कोडवर मी पैसे भरले. व्हॉट्सॲपवर पावती आली, वर राजमुद्रा होती. आठवडाभर फोन कमी झाल्यासारखे वाटले, नंतर दुपटीनं यायला लागले.

परवा त्याच ऑफिसातून म्हणून एका बाईचा फोन आला. तुमची सेवा सुरूच झालेली नाही, पैसे परत करतो, त्यासाठी ही लिंक उघडून ॲप घ्या, म्हणाली. मी घेतलं. ॲपमध्ये दिसणारा आकडा वाचून दाखवा म्हणत होती, तेवढ्यात दारावरची बेल वाजली आणि मी फोन ठेवला. मग शंका आली. तिचे फोन अजून येताहेत, मी उचलत नाही. ॲप मोबाइलमध्ये तसंच आहे.

मुलाला काही सांगितलेलं नाही. दिवाळीत आला होता तेव्हा म्हणाला, "आई, तू मोबाइलवरून पैशाचे व्यवहार करत जाऊ नकोस, मी बघत जाईन." पेन्शन माझी आहे, लाइटबिलापासून सगळं मी भरते. हे कळलं तर तेही हातातून जाईल. काय करू?

– एक काकू, सांगली

उत्तर

काकू, मुलाचं नंतर बोलू. आधी तो मोबाइल घ्या आणि त्याचं इंटरनेट बंद करा. मोबाइल डेटाही बंद आणि वायफायही. विमानाचं चिन्ह असलेलं बटण दाबलंत तरी चालेल. आता ते ॲप काढून टाका. चिन्हावर बोट दाबून धरलं की 'अनइन्स्टॉल' येतं. येत नसेल, किंवा काढूनही ते परत दिसत असेल, तर ओढाताण करू नका, फोन बंद करून ठेवा.

इतकी घाई का, ते सांगते. ॲपमध्ये दिसणारा जो आकडा ती बाई मागत होती, तो बहुधा दुसऱ्याच्या फोनचा पडदा दुरून बघण्यासाठी लागणारा आकडा होता. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी ॲप मुळात चांगल्या कामासाठी निघाली, दूरच्या माणसाचा बिघडलेला संगणक नीट करून देण्यासाठी. तो आकडा समोरच्याला सांगितला आणि पडद्यावर आलेल्या प्रश्नाला होकार दिला, की तुमच्या फोनवर जे दिसतं ते सगळं त्याला दिसू लागतं. बँकेचा मेसेज, ओटीपी, खात्यातली शिल्लक. रिझर्व्ह बँकेनं बँकांना याबद्दल २०१९ मध्येच सावध केलं होतं. तुम्ही आकडा वाचून दाखवण्याआधी फोन ठेवलात. त्यामुळे ती आत शिरली नसण्याची शक्यता बरीच आहे.

तरी मी निर्धास्त राहणार नाही, कारण ॲप प्ले स्टोअरवरून नाही, तिनं पाठवलेल्या लिंकवरून आलं आहे. अशा ॲपच्या पोटात आणखी काय आहे, हे वरून बघून कळत नाही. काही ॲप गुपचूप एसएमएस वाचतात आणि पुढे पाठवतात. ॲप घेताना तुम्ही कशाकशाला 'अलाउ' म्हटलंत, हे आता आठवणारही नाही. म्हणून फोटो आणि फोन नंबर दुसरीकडे उतरवून घ्या आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून फोन पूर्ण कोरा करून घ्या. त्याला फॅक्टरी रीसेट म्हणतात. हे होईपर्यंत त्या फोनवर बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप उघडू नका.

बँकेला मात्र आजच कळवा, दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून. बँकेचा नंबर पासबुकवरून किंवा डेबिट कार्डाच्या पाठीवरून घ्या. इंटरनेटवर शोधून घेऊ नका, कारण तिथे 'कस्टमर केअर' म्हणून खोटे नंबरही पेरलेले असतात. शाखा जवळ असेल तर सरळ जाऊन या. सांगायचं एवढंच: माझ्या फोनमध्ये संशयास्पद ॲप आलं होतं, यूपीआय आणि नेटबँकिंग तात्पुरतं थांबवा, डेबिट कार्ड बंद करा. आणि या कळवण्याची पोच घ्या. लेखी, किंवा तक्रारीचा नंबर तरी. ही पोच फार मोलाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकानं बँकेला कळवल्यानंतर खात्यातून परस्पर पैसे गेले तर ते नुकसान बँकेचं. कळवण्याआधी गेले आणि ग्राहकानं स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला होता असं निघालं, तर ग्राहकाचं. म्हणून कळवल्याची वेळ कागदावर असू द्या.

शाखेत गेलातच तर आणखी एक बघून घ्या. तुमच्या यूपीआयवर कुठला 'ऑटोपे' सुरू झालेला नाही ना? वर्गणीच्या नावाखाली एकदा पिन टाकून घेतला, की दर महिन्याला आपोआप पैसे कापले जातील अशी मंजुरीही त्याच वेळी घेता येते. तुमचे १,४९९ एकदाच गेले असतील, पण खात्री करा. अनोळखी नावाचा ऑटोपे दिसला तर रद्द करून घ्या.

मग १९३० ला फोन लावा. सायबर फसवणुकीतल्या पैशांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची ही देशभराची हेल्पलाइन आहे. तीच तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवरही करता येते. फोनवर बसण्यापूर्वी जवळ ठेवा: पैसे गेल्याची तारीख, व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, ज्याच्या नावावर पैसे गेले ते नाव, आणि दोन्ही फोन कुठल्या नंबरांवरून आले ते नंबर. पैसे गेल्याचा तपशील बँकेच्या स्टेटमेंटमध्ये मिळेल. व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि ती राजमुद्रेची पावती पुसू नका. फोन कोरा करण्याआधी त्याचे फोटो दुसऱ्या फोननं काढून ठेवा. राजमुद्रेच्या गैरवापराला २००५ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि फोन-संगणकाच्या आधारे दुसराच कुणी असल्याचं भासवून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-डी कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. म्हणजे तुम्ही पोलिसांकडे किरकोळ गाऱ्हाणं घेऊन जात नाही आहात.

पैसे परत मिळतील का? ही आशा मी दाखवणार नाही. १९३० ची व्यवस्था अशी चालते, की तक्रार आली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला लगेच कळवलं जातं आणि पैसे अजून तिथेच असतील तर अडवले जातात. यात पहिल्या काही तासांना सगळं महत्त्व. महिन्यानंतर तुमचे १,४९९ त्या खात्यात थांबले असतील असं वाटत नाही. तक्रार तरीही करा, त्या खात्यामुळे आणि त्या नंबरांमुळे. एका खात्यावर वेगवेगळ्या गावांतल्या तक्रारी जमल्या, की ते खातं गोठवलं जाण्याची आणि नंबर बंद होण्याची शक्यता वाढते. रक्कम इतकी मध्यम का असते याचा मी बराच विचार केला आहे. पाचशेच्या वर, दोन हजारांच्या आत. माणूस हळहळतो, पण पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. पन्नास हजार गेले असते तर तुम्ही त्याच संध्याकाळी मुलाला फोन केला असता.

आता ट्रायचं नाव सांगून फोन करणाऱ्या त्या मुलाचं बोलणं उलगडून बघू. असं शुद्ध मराठी आणि अशी अदब तुम्हाला पुन्हा ऐकू येणार आहे.

ट्राय म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण. १९९७ साली स्थापन झालेली ही संस्था मोबाइल कंपन्यांसाठी नियम करते. एकेका ग्राहकाची तक्रारसुद्धा ट्राय स्वतः सोडवत नाही, ती तुमच्या मोबाइल कंपनीकडेच करावी लागते. तर मग ट्रायमधून कुणी तुम्हाला फोन करून काही विकेल, हे कसं व्हावं? आपण ग्राहकांना असे फोन करत नाही, असं ट्रायनं जाहीरपणे अनेकदा सांगितलं आहे. 'तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे' अशी भीती घालणारे फोनही याच नावानं येतात, तेही खोटे.

दुसरं, 'मोफत डीएनडी संपलं'. डीएनडी संपत नाही. जाहिरातींचे फोन नकोत असं नोंदवण्याची सोय आपल्याकडे २००७ पासून आहे. पुढे २०१० मध्ये आणि मग २०१८ मध्ये तिचे नियम बदलले, पण या सगळ्या काळात ग्राहकाकडून कधी एक रुपया घेतला गेला नाही. ना नोंदणीचा, ना नूतनीकरणाचा. प्रीमियम, गोल्ड, सीनियर सिटिझन असला कुठला प्रकार त्यात नाही. हा डाव फक्त आपल्याकडचाही नाही. अमेरिकेत २००३ पासून 'डू नॉट कॉल' यादी आहे, ब्रिटनमध्ये 'टेलिफोन प्रेफरन्स सर्व्हिस' आहे. दोन्ही मोफत आहेत, आणि दोन्ही देशांत याच नावांनी पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं लोकांना सांगावं लागलं आहे. तिथेही वयस्कर लोक गळाला लागतात.

त्याला तुमचं, यजमानांचं नाव आणि जुना पत्ता माहीत होता, म्हणून तुमचा विश्वास बसला. कुणाचाही बसेल. पण काकू, आपण किती ठिकाणी ही माहिती लिहून देतो ते आठवा. दुकानातलं लकी ड्रॉचं कूपन, विम्याचा अर्ज, सिमकार्डासाठी दिलेल्या झेरॉक्स, गॅस एजन्सीचं रजिस्टर. अशा याद्या फुटतात आणि विकल्या जातात. 'जुना' पत्ता हाच खरा धागा आहे. त्याच्याकडची यादी जुनी होती. नाव-पत्ता माहीत असणं म्हणजे सरकारी माणूस असणं, ही सांगड आता मनातून कायमची काढून टाका.

आणि आठवडाभर फोन कमी का झाले? मला वाटतं, ते त्यानं केलं नाही. जाहिरातींच्या फोनांना भरती-ओहोटी असते, काही दिवस कमी, काही दिवस जास्त. पैसे भरल्यावर आपण फोन न येण्याकडे लक्ष देऊ लागतो आणि श्रेय त्याच्या पदरात टाकतो. दुपटीनं येऊ लागले, त्याचं कारण जास्त सरळ दिसतं. तुमचा नंबर आता 'उचलतात, ऐकून घेतात आणि पैसेही देतात' अशा लोकांच्या यादीत गेला असणार. अशा नंबराला त्या धंद्यात जास्त भाव मिळतो.

परवाची बाई त्याच यादीतून आली. इथे नीट लक्ष द्या, कारण खरा दरोडा हाच होता. १,४९९ ही फक्त चाचपणी होती. तुम्ही यूपीआय वापरता का, क्यूआर कोड पाठवला तर भरता का, फोनवर सांगितलेलं ऐकता का, एवढं त्यातून त्यांना कळलं. नंतर महिनाभर थांबून त्यांनी स्वतःच कबूल केलं की सेवा सुरू झाली नाही आणि पैसे परत देऊ केले. यात किती धूर्तपणा आहे बघा. तुमच्या मनात शंका आली असेलच हे त्यांना माहीत होतं. त्या शंकेचाच त्यांनी दोर केला. 'हो, तुमचं बरोबर आहे, चूक आमचीच' असं म्हणणाऱ्यावर माणूस अविश्वास कसा दाखवणार? पैसे परत घेण्यासाठी ॲप लागत नाही, पिन लागत नाही, क्यूआर कोड लागत नाही, ओटीपी लागत नाही. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच टाकायचा नसतो. येणारे पैसे आपोआप येतात, तुमची पेन्शन येते तसे.

याच धंद्याचा आणखी एक प्रकार आहे, तुमच्यावर तो झालेला नाही, पण होऊ शकतो. 'नको असलेले फोन थांबवण्यासाठी स्टार ४०१ स्टार आणि पुढे हा दहा आकडी नंबर दाबा' असं सांगतात. तसं दाबलं की नको ते फोन थांबत नाहीत, तुमचे सगळेच फोन त्या नंबरावर वळू लागतात. बँकेचा ओटीपी फोनवरून ऐकण्याचा पर्याय असतो, तो मग त्यांना ऐकू जातो. दूरसंचार विभागानं एप्रिल २०२४ पासून असा कोड दाबून फोन वळवण्याची सोय बंद करायला कंपन्यांना सांगितलं. तरी फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून स्टार किंवा हॅशनं सुरू होणारं काहीही दाबू नका. तुमचे फोन कुठे वळवलेले नाहीत ना, हे तपासायला स्टार हॅश २१ हॅश दाबून बघा.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. फोन बंद व्हावेत ही तुमची इच्छा अगदी रास्त होती. दिवसभर कुणीतरी दार ठोठावत असावं तसं ते वाटतं, आणि एकट्या घरात जास्तच. म्हणून खरं डीएनडी कसं घ्यायचं ते सांगते. तुमच्या मोबाइलवरून १९०९ हा नंबर लावा. फोन मोफत असतो, तुमच्याच कंपनीला जातो आणि तिथे सूचनांप्रमाणे बटणं दाबत नोंदणी करता येते. एसएमएस जमत असेल तर इंग्रजीत 'स्टार्ट' लिहा, एक जागा सोडा, मग शून्याचा आकडा लिहा आणि तो १९०९ ला पाठवा. शून्य म्हणजे सगळ्या प्रकारच्या जाहिराती बंद. सगळ्या नको असतील तर बँका आणि विमा, जागा-घरं, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे वेगवेगळे प्रकार आहेत, त्यातले हवे ते बंद करता येतात. ट्रायचं स्वतःचं डीएनडी ॲपही आहे, पण ते फोन कोरा झाल्यावर आणि प्ले स्टोअरवरूनच घ्या. बँकेचे व्यवहाराचे मेसेज डीएनडीनं बंद होत नाहीत, ती काळजी नको.

पण डीएनडीकडून किती अपेक्षा ठेवायची, हेही कळलेलं बरं. नियम पाळणाऱ्या कंपन्या ती यादी बघतात. भामटे बघत नाहीत. त्यामुळे नोंदणीनंतरही काही फोन येणारच. ते ओळखायला नंबराची सुरुवात उपयोगी पडते. नोंदणी केलेल्या जाहिरातदारांनी १४० नं सुरू होणाऱ्या नंबरांवरून फोन करायचे असतात. बँका आणि वित्तसंस्थांच्या सेवेच्या फोनांसाठी १६०० नं सुरू होणारे नंबर ठेवले आहेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कुणी बँकेचं किंवा सरकारचं नाव सांगून पैशाची गोष्ट काढली, तर बोलणं तिथेच थांबवा. अशा फोनची तक्रारही १९०९ वरच करता येते. २०२५ मध्ये नियम बदलल्यापासून त्यासाठी सात दिवसांची मुदत मिळते, आधी तीन दिवसच होते. शिवाय अशा बिननोंदणीच्या जाहिरातदाराविरुद्ध तक्रार करायला तुमचं डीएनडी असलंच पाहिजे असंही आता नाही. फोन सरळसरळ फसवणुकीचा वाटला, पण पैसे गेले नाहीत, तर केंद्राच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षु' म्हणून सोय आहे, तिथे तो नंबर कळवता येतो. पैसे गेले असतील तर मात्र १९३० च.

फोन थांबवणाऱ्या पैसे घेऊन चालणाऱ्या सेवा सगळ्याच खोट्या असतात असंही नाही. काही खऱ्या ॲपची पैसे भरून घ्यायची आवृत्ती असते. फरक इतकाच की तिथे तुम्ही स्वतः जाता. ती विकायला कुणी तुम्हाला फोन करत नाही, आणि सरकारचं नाव तर मुळीच घेत नाही. तुम्हाला त्याची गरज पडेल असं मला वाटत नाही. एअरटेलनं २०२४ मध्ये संशयित जाहिरातींच्या फोनवर पडद्यावरच सूचना द्यायला सुरुवात केली, तीही वेगळे पैसे न घेता. बऱ्याच नव्या फोनमध्ये स्पॅमची अशी खूण दाखवण्याची सोय मुळातच असते. अनोळखी नंबर पूर्ण गप्प करण्याची सोयही असते, पण ती तुम्ही वापरू नये असं मी म्हणेन. एकटं राहणाऱ्या माणसाला दवाखान्यातून, लॅबमधून, गॅसवाल्याकडून फोन येतात, ते चुकायला नकोत.

आणखी एक फोन येईल, त्यासाठी आधीच तयार राहा. तुम्ही तक्रार केल्यावर, कदाचित न करताही, कुणीतरी 'सायबर पोलीस' किंवा 'रिकव्हरी अधिकारी' म्हणून फोन करेल. तुमचे पैसे सापडलेत, ते सोडवायला थोडी फी भरा, म्हणेल. एकदा फसलेल्या माणसाला पुन्हा गाठण्याची ही ठरलेली रीत आहे. तक्रारीचं काय झालं हे तुम्ही स्वतः, मिळालेल्या तक्रार क्रमांकावरून विचारायचं. त्या बाईचा फोन आता उचलूच नका. तिला खडसावण्याची इच्छा होईल, पण तुमच्या रागावलेल्या आवाजातूनही तिला एवढं कळतं की हा नंबर अजून उचलला जातो.

आता मुलाचं. त्याला सांगा, काकू. उद्याही नको, आजच. या लोकांची सगळी भिस्त यावर असते की माणूस लाजेल आणि घरात बोलणार नाही. महिन्यापूर्वी तुम्ही त्याला सहज म्हणाला असतात, "अरे, ट्रायवाल्यांनी पैसे घेतले", तर परवाची लिंक तुम्ही उघडली नसती.

तुमची भीती मात्र मला खोटी वाटत नाही. व्यवहार हातातून जाणं म्हणजे नुसते पैसे जाणं नव्हे. लाइटबिल आपलं आपण भरणं, कुणाच्या लग्नात अहेर किती द्यायचा हे आपण ठरवणं, यात तुमचं एकटीचं घर उभं आहे. हे सदर वाचणाऱ्या मुलामुलींनाही मी सांगते: आईनं किंवा वडिलांनी असं काही सांगितलं आणि तुमच्या तोंडून पहिलं वाक्य 'तरी मी सांगत होतो' असं निघालं, तर पुढच्या वेळी ते सांगणार नाहीत, आणि पुढची वेळ मोठी असेल. आधी विचारा, 'ॲप काढलंस का? बँकेला कळवलंस का?' बाकीचं चार दिवसांनी बोला. फसवणारे रोज आठ तास हेच काम करतात, शिकलेल्या, नोकरीत असलेल्या, तिशीतल्या माणसांनाही फसवतात. तुमची आई साधी आहे म्हणून फसली, असा निष्कर्ष काढू नका.

काकू, सांगताना क्रम असा ठेवा. आधी ॲप काढा, बँकेला कळवा, १९३० चा तक्रार क्रमांक घ्या, मग मुलाला फोन लावा. म्हणा, "माझी फसवणूक झाली. १,४९९ गेले. मी बँकेला कळवलंय, तक्रार केलीय, हा तिचा नंबर. फोन कोरा करून घ्यायचाय, त्यात तुझी मदत हवी." म्हणजे बोलणं 'आता काय करायचं' यावरून सुरू न होता, तुम्ही काय केलंत यावरून सुरू होईल.

व्यवहार बंद करायचा विषय त्यानं काढला, तर तुमच्याकडे त्याहून चांगला उपाय तयार असू द्या. पेन्शनचं खातं यूपीआयला जोडलेलंच ठेवू नका. त्याच बँकेत किंवा दुसऱ्या बँकेत एक छोटं बचत खातं काढा, यूपीआय फक्त त्याला जोडा आणि महिन्याच्या खर्चापुरते पैसे शाखेत जाऊन त्यात टाका. यूपीआयची रोजची मर्यादाही कमी करता येते का, ते शाखेत विचारा. मग कधी काही झालंच तर जाईल ते महिन्याच्या किराण्याइतकं. दोघांत एक करार करा: फोनवर कुणीही, कुठल्याही नावानं पैसे मागितले किंवा ॲप घ्यायला सांगितलं, तर 'मी पाच मिनिटांत सांगते' म्हणून फोन ठेवायचा आणि त्याला कळवायचं. परवानगीसाठी नव्हे, फक्त दुसऱ्या कानावर पडावं म्हणून. आणि त्याला असा फोन आला तर त्यानंही तुम्हाला सांगायचं.

दोन्ही पासबुकं तुमच्याच कपाटात राहतील, हे त्याच फोनवर स्पष्ट सांगून टाका.